फिक्या चहाचा रंग

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, औषध पाण्यात घाला,
फिक्या चहाचा रंग येईस्तोवर.
कुणाचा चहा, मी विचारलं.
गोवावेसच्या गाड्यावरचा, का आमच्या घरचा?
हिरेमठबाई हसल्या,
मराठीतच, पण शेवट कानडी वळणानं लांबवून.

चाळीस वर्षं रंग कालवलेत मी.
शहापुरातल्या साडीदुकानांचे बोर्ड,
अनगोळच्या डंकावरचं "मिरची कांडून मिळेल",
वर कन्नड, खाली मराठी,
मग कन्नड मोठं, मराठी बारीक,
मग कुणीतरी रातोरात डांबर फासलेलं
आणि सकाळी तोच बोर्ड पुन्हा माझ्या दारात.
मग फ्लेक्स आलं.
त्याला सगळ्याच भाषा सोप्या.

म्हणून हिरवाप्पाचा रंग उतरला
ते आधी मलाच दिसलं.
पोटाखाली तपकिरी ठिपके,
डबा उघडा राहिलेल्या वार्निशसारखे,
मग खवले काळे, कडेनं उचललेले,
आणि एक फोड. वास
पाण्यात विसरलेल्या ब्रशाचा.

नातवाचं जनावर. चिन्मय धारवाडला शिकायला गेला,
हा राहिला मागच्या खोलीत, काथ्याच्या भुशावर.
दिवसाला दोनदा पाणी फवारायचं, बजावून गेला होता.
मी सहादा फवारलं.
मायेनंसुद्धा कातडं कुजतं,
हे कुठल्या बोर्डावर लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारची मल्लव्वा कुंपणावरून म्हणाली, "उडा हाय तो.
फॉरेस्टवाले धरून नेतील तुला."
घोरपड नव्हे गं, लांबच्या देशातला इग्वाना, पाला खातो.
"मग पाला चोळ की."
चोळला. वर हळद आणि खोबरेल.
बाईंनी ते सगळं कापसानं पुसून काढलं,
एक शब्द न बोलता. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

केसपेपरवर एक रकाना होता: जात.
माझा हात थांबला, सवयीनं.
त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, इग्वाना.
खवल्याची खरवड काचेवर घेतली,
बुरशी का जंतू, परवा कळेल म्हणाल्या.
तोवर भुसा फेका, कोरडं ठेवा, ऊब द्या,
जुनी कात निघत नसेल तर उचकटू नका.

आता पिंजऱ्यात रद्दी अंथरतो.
एक दिवस मराठी पेपर, एक दिवस कन्नड,
जो मिळेल तो.
हिरवाप्पा दोन्हींवर सारख्याच मनानं हगतो
आणि मी दोन्ही घड्या घालून तसेच टाकतो.

रात्री आठला वाटी घेतो.
तांबडं औषध थेंबथेंब पाण्यात,
फार झालं, पाणी घाल, फार झालं.
दोन नंबरचा ब्रश, खारीच्या केसांचा,
बारीक अक्षरांसाठी जपून ठेवलेला.
एकेक खवला. पाच मिनिटं थांबायचं.
मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही.
मग पांढरं मलम, नखाएवढं.
तो एका डोळ्यानं बघतो,
हिशोब चुकलेल्या गिऱ्हाइकासारखा.

दुसऱ्या खेपेला बाईंनी त्याला बघितलं,
मग माझ्या हातांना.
टर्पेंटाइनच्या भेगा, बोटांच्या पेरांत पांढरे पापुद्रे.
"हे किती वर्षांचं, मामा?"
पहिल्या बोर्डाएवढं.
"मी जनावरांची डॉक्टर," म्हणाल्या,
आणि दुसऱ्या कागदावर माणसांच्या एका डॉक्टराचं नाव लिहून दिलं.
त्याला रकाने नव्हते.

अजून गेलो नाही. जाईन.

पिंजऱ्यावरच्या दिव्याखाली
कधी कधी मीही हात धरून बसतो.
त्याच्या खांद्यावरची कात अर्धी सुटलीय,
लोंबतेय, पलीकडचं दिसेल एवढी पातळ.
बोटं शिवशिवतात. ओढत नाही.
पोटावरचा डाग राहील म्हणाल्या बाई,
तो मी आता रंगवणार नाही.

परवा चिन्मयचा फोन.
"आजोबा, बरा हाय न्हवं?"
कोण, मी विचारलं.